विश्लेषण : एका सुताची चूक किती महागात? घरच्या सुतारकामात अचूक मोजमापाची साधने का महत्त्वाची?

भिंतीवरची फळी, चपलांचा स्टँड, पोरांचे अभ्यासाचे टेबल, स्वयंपाकघरातला एखादा खण... सुट्टीच्या दिवशी अशी कामे घरच्या घरी करून पाहणारे आता फक्त मोठ्या शहरांत उरलेले नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि पालघर, बोईसर, वाणगाव हा पट्टा मुंबईच्या आणखी जवळ आला. नव्या इमारती झाल्या, नवी घरे सजू लागली. ड्रिल मशीन आणि विजेवर चालणारी करवत आता घरपोच मिळते. तरीही केलेले काम फसते. खण अडकतो, कपाटाचे दार लागत नाही, टेबल डुगडुगते. दोष लाकडाला किंवा यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा चूक त्याआधीच, माप घेताना झालेली असते. ती नेमकी कुठे होते आणि टाळता कशी येते?

माप चुकले तर बिघडते काय?

फळी एखादा मिलिमीटर लांब झाली तर काय मोठे, असे वाटणे साहजिक आहे. एकट्या फळीच्या बाबतीत ते खरेही असते. पण कपाट, खण, ट्रॉली या वस्तू एकमेकांत बसणाऱ्या भागांच्या असतात. खणाचे उदाहरण घेऊ. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी जागा लागते. दोन्ही बाजू मिळून २५.४ मिमी. कपाटातील मोकळी जागा ४५० मिमी असेल तर खणाची बाहेरील रुंदी साधारण ४२४ मिमी हवी. ती ४२६ झाली तर खण घट्ट होतो, ओढताना खरवडतो. ४२० झाली तर चॅनल नीट धरत नाही आणि खण लचकतो. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन मिलिमीटरचा.

यात सनमायका विसरला जातो. कपाटाच्या आतल्या दोन्ही बाजूंना १ मिमी जाडीचा सनमायका लावला की ४५० मिमीची जागा ४४८ होते. खणाच्या बाहेरून लावला तर खण २ मिमीने वाढतो. एकूण फरक ४ मिमी. माप बरोबर घेऊनही हिशेब चुकतो तो असा.

चूक वाढत कशी जाते?

मोजमापातील चूक दोन प्रकारे वाढते. पहिला प्रकार बेरजेचा. पाच कप्प्यांच्या खुणा करताना प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजली आणि दर वेळी १ मिमी चुकले, तर पाचव्या कप्प्यापर्यंत फरक ५ मिमी होऊ शकतो. टेप एकदाच एका कडेला लावून सर्व खुणा तिथूनच केल्या, तर प्रत्येक खूण फार तर १ मिमीने चुकेल. साधन तेच, पद्धत बदलली की चूक पाचपटीने कमी होते.

दुसरा प्रकार कोनाचा. गुण्या, म्हणजे काटकोन पाहण्याचे साधन, १५० मिमी लांबीत अवघा अर्धा मिमी कलता असेल तर डोळ्याला कळत नाही. पण त्याच्या आधाराने मारलेली रेघ ६०० मिमीपर्यंत वाढवली की २ मिमी सरकते. दोन मीटर उंच कपाटाच्या बाजूला हाच फरक साडेसहा मिमीच्या पुढे जातो. मग दोन दारांमधली फट वर बारीक आणि खाली रुंद दिसते. अशा वेळी बिजागऱ्या कितीही फिरवल्या तरी उपयोग होत नाही, कारण दोष सांगाड्यातच असतो.

सूत, इंच, मिलिमीटर... गोंधळ कुठला?

‘सुतार’ हा शब्दच संस्कृत ‘सूत्रधार’वरून आला आहे. सूत्रधार म्हणजे दोरी धरणारा. दोरीने रेघ आखणे, माप घेणे ही या व्यवसायाची जुनी ओळख. आजही कारागीर ‘दोन फूट तीन इंच दोन सूत’ असे माप सांगतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिमी. वरचे माप मिलिमीटरमध्ये ६९२.१५ भरते.

भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली. ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. कागदावर फूट-इंच गेले, पण लाकडाच्या वखारीतून आणि प्लायच्या दुकानांतून गेले नाहीत. प्लायची शीट आजही ‘आठ बाय चार’ म्हणूनच मागितली जाते. तिचे माप २४४० बाय १२२० मिमी असते. आठ फूट म्हणजे काटेकोरपणे २४३८.४ मिमी आणि चार फूट म्हणजे १२१९.२ मिमी. इथला फरक किरकोळ आहे. पण ‘पाऊण इंची’ म्हणून मागितलेला प्लाय १८ मिमीचाही मिळतो आणि १९ मिमीचाही. घरमालकाच्या डोक्यात ‘६० सेंमी’ असते आणि कारागीर ‘दोन फूट’ धरतो, तेव्हा ९.६ मिमीचा फरक पडतो. वॉशिंग मशीन किंवा ओव्हनसाठी जागा ठेवताना तो चांगलाच नडतो. म्हणून एका कामात एकच एकक वापरावे. शक्यतो मिलिमीटर. त्यात अपूर्णांक नसल्याने बेरीज-वजाबाकीची चूक कमी होते.

टेपवर विश्वास किती ठेवायचा?

टेपच्या टोकाचा हूक थोडा सैल असतो. अनेकांना तो बिघाड वाटतो आणि ते ठोकून पक्का करतात. खरे तर तो मुद्दाम सैल ठेवलेला असतो. फळीच्या कडेला हूक अडकवून ओढले की तो स्वतःच्या जाडीइतका पुढे येतो आणि भिंतीला टेकवून दाबले की तेवढाच मागे जातो. त्यामुळे बाहेरचे आणि आतले माप दोन्ही बरोबर येतात. टेप वरचेवर पडून हूक वाकला किंवा त्याची भोके मोठी झाली की मात्र हीच सोय चूक बनते.

टेपच्या पट्टीवर अनेकदा रोमन अंकांत श्रेणी छापलेली असते. ही श्रेणी आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटनेच्या नियमांनुसार ठरते. दोन मीटर लांबीसाठी पहिल्या श्रेणीत ०.३ मिमी, दुसऱ्या श्रेणीत ०.७ मिमी आणि तिसऱ्या श्रेणीत १.४ मिमीपर्यंत चूक मान्य असते. घरच्या कामाला दुसऱ्या श्रेणीची टेप पुरते. ज्या टेपवर श्रेणीच नाही, तिच्याबद्दल खात्री देता येत नाही.

मात्र श्रेणीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका कामाला एकच टेप. घरातल्या दोन टेप एकमेकींशी जुळतीलच असे नाही. कपाटाची जागा घरमालकाने एका टेपने मोजली आणि दुकानात प्लाय दुसऱ्या टेपने कापला गेला, तर दोघांचे माप आपापल्या जागी बरोबर असूनही तुकडा बसत नाही. दोन्ही टेप शेजारी ठेवून १ मीटर आणि २ मीटरच्या खुणा जुळतात का, हे पाहायला मिनिटभर लागते. हूकची चूक टाळण्यासाठी काही जण १० सेंमीच्या खुणेपासून मोजतात. पद्धत चांगली आहे. फक्त शेवटी ते १० सेंमी वजा करायला विसरता कामा नये.

गुण्या खरा की खोटा, कसे ओळखावे?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सरळ कडेची फळी घ्यावी, गुण्या कडेला टेकवून टोकदार पेन्सिलीने रेघ मारावी. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला फट दिसली तर प्रत्यक्ष चूक त्या फटीच्या निम्मी असते. दुकानातून गुण्या घेतानाच ही परीक्षा करता येते.

मोठ्या सांगाड्याचा काटकोन पाहण्यासाठी दोन उपाय आहेत. एक, कर्ण मोजणे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्णही सारखे भरले, तर चौकट काटकोनात आहे. दुसरा ३-४-५ चा. एका बाजूवर ६०० मिमी, दुसऱ्या बाजूवर ८०० मिमीवर खूण केली तर त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर १००० मिमी यायला हवे. यामागचे तत्त्व या भूमीला नवे नाही. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा हा नियम आलेला आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच.

प्लायची जाडी का मोजावी?

शीटवर १८ मिमी लिहिले म्हणजे ती तेवढीच भरेल असे नाही. सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी असलेल्या ‘आयएस ३०३’ या भारतीय मानकात ६ मिमी आणि त्याहून जाड शीटला जाडीत ५ टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे १८ मिमीची शीट १७.१ ते १८.९ मिमी असली तरी ती मानकात बसते. दोन बाजू आणि तीन उभे भाग असलेल्या कपाटात पाच जाड्यांची बेरीज होते. प्रत्येकी ०.९ मिमीचा फरक धरला तर एकूण साडेचार मिमी. खणांची जागा त्यातूनच कमी होते.

इथे वर्नियर कॅलिपर कामी येतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या फिटर-टर्नरना तो परका नाही. साधारणपणे ०.०२ मिमीपर्यंत वाचन देणारे हे साधन लाकडासाठी गरजेपेक्षा अधिक बारीक आहे. पण प्लायची जाडी, ड्रिलचा व्यास, भोकाची खोली मोजायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. कपाटाच्या दाराला लागणाऱ्या ऑटो हिंजसाठी ३५ मिमी व्यासाचे आणि सुमारे १२ मिमी खोल भोक पाडावे लागते. १८ मिमी जाडीत मागे जेमतेम ६ मिमी उरतात. खोली न मोजता ड्रिल चालवले तर दाराच्या दर्शनी बाजूला फोड येतो आणि अख्खे दार वाया जाते.

करवत किती लाकूड खाते?

२४४० मिमीच्या शीटचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येकी ६१० मिमी येतील, हा हिशेब कागदावरच खरा ठरतो. करवतीचे पाते प्रत्येक कापात स्वतःच्या रुंदीइतके लाकूड भुश्यात घालवते. पाते ३ मिमीचा काप घेत असेल तर तीन कापांत ९ मिमी जातात आणि तुकडे जेमतेम ६०७.७५ मिमीचे उरतात. कपाटाची खोली ६१० धरून सगळे आखले असेल तर शेवटचा तुकडा कमी पडतो आणि त्यासाठी दुसरी शीट आणावी लागते.

रेघेलाही जाडी असते. बोथट पेन्सिलीची रेघ सहज १ मिमी होते. काप रेघेवर घ्यायचा की रेघेच्या बाहेर, हे आधी ठरवून टाकाऊ बाजूवर फुली मारण्याची कारागिरांची सवय त्यासाठीच आहे. धारदार टोकाने ओढलेली रेघ अधिक बारीक असते आणि प्लायचा वरचा थर उचकटण्यापासूनही वाचवते.

पावसाळ्यात मापे बदलतात का?

वाणगावच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चिंचणीचा किनारा इथून काही किलोमीटरवर. पावसाळ्यात हवा दमट, तर हिवाळ्यात तुलनेने कोरडी. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. पूर्ण ओले सागवान पूर्ण कोरडे होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेने साधारण ५ ते ६ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे २ ते ३ टक्के आक्रसते. लांबीत मात्र जवळपास फरक पडत नाही. ३०० मिमी रुंदीच्या सागाच्या फळीतील ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर ती अडीच-तीन मिमीने फुगू शकते. मार्चमध्ये अगदी बेताने बसवलेले लाकडी दार जुलैत अडकते ते यामुळे.

म्हणजे अचूक मोजून उपयोग नाही, असा याचा अर्थ नाही. उलट फट किती ठेवायची, हे ठरवण्यासाठी आधीचे माप पक्के हवे. दार पावसाळ्यात, लाकूड फुगलेले असताना बसवले तर थोडी फट पुरते. उन्हाळ्यात बसवले तर फुगण्यासाठी जागा सोडावी लागते. लाकडातील ओलावा सांगणारा छोटा मीटरही मिळतो. तो नसेल तर लाकूड काही आठवडे घरातच, जमिनीपासून उचलून आणि फळ्यांमध्ये पट्ट्या घालून ठेवावे. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने त्याची रुंदी खूपच कमी बदलते.

टेपचे काय? पोलाद तापले की वाढते, पण १५ अंशांच्या फरकाने एका मीटरमागे जेमतेम ०.१७ मिमी. घरच्या कामात ते विसरले तरी चालते. खाऱ्या हवेचा त्रास वेगळाच आहे. पट्टीवर गंज चढला की आकडे पुसट होतात. काम झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवलेला बरा.

आधी काय विकत घ्यावे?

घरच्या कामाची सुरुवात यंत्रांपासून नव्हे, मोजमापाच्या साधनांपासून करणे शहाणपणाचे. ५ मीटरची एक चांगली टेप, ३०० मिमीची स्टीलची पट्टी, तपासून घेतलेला गुण्या, समांतर रेघ ओढण्यासाठी मार्किंग गेज, टोकदार पेन्सिल आणि लेव्हल एवढ्यावर बहुतेक कामे होतात. वर्नियर त्यानंतर. पैसे मोजकेच असतील तर आधी गुण्यावर खर्च करावे. टेपची चूक दोन टेप ताडून कळते, पण वाकडा गुण्या प्रत्येक काप वाकडा करतो.

काही ठिकाणी आकड्यांची गरजच नसते. एका सरळ पट्टीवर कपाटाच्या सर्व खुणा एकदाच करून तीच पट्टी दोन्ही बाजूंना लावली तर आकडा वाचण्याची किंवा लिहून घेण्याची चूक उरत नाही. दोन बाजू हमखास सारख्या येतात. भिंतीतल्या कोनाड्यात काही बसवायचे असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वात लहान माप धरावे. प्लास्टर केलेल्या भिंती क्वचितच एका रेषेत असतात.

सुरक्षेशी काय संबंध?

माप चुकले की तुकडा दोन-तीन मिमीने मोठा उरतो आणि तेवढाच उतरवण्याचा मोह होतो. विजेच्या करवतीवर लहान तुकडा हाताने धरून बारीक काप घेणे हे घरच्या सुतारकामातले अत्यंत धोक्याचे काम. तुकडा उडतो आणि बोटे पात्याजवळ जातात. तुकडा पहिल्यांदाच योग्य मापाचा झाला तर ही वेळच येत नाही. उरलेच तर रंधा किंवा सँडपेपरने उतरवावे, करवतीने नाही.

व्यावसायिक कारागिरांसाठी काय?

ठेक्याने काम घेणाऱ्या सुताराच्या बाबतीत चुकीचा तुकडा त्याच्याच मजुरीतून जातो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आणि होडी बांधणारे या दोघांचाही समावेश आहे. पात्र कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य ई-व्हाउचरद्वारे देण्याची तरतूद त्यात आहे. त्यातून गुण्या, पट्टी, कॅलिपर घेतले तर ते वर्षानुवर्षे टिकतात. घरमालकालाही कामापूर्वी कारागिरासोबत बसून तीन गोष्टी ठरवून घेता येतात : माप कोणत्या एककात, कोणाच्या टेपने आणि सनमायकासह की सनमायकाशिवाय. हे तिन्ही एका कागदावर लिहून दोघांकडे ठेवले, तर काम झाल्यावर होणारे बरेच वाद टळतात.